सापेक्ष आणि निरपेक्ष शोक : ज्यूसंहारावरील पडद्यावरच्या कुटुंबकथांचा रूपबंध

१. प्रश्नाची मांडणी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी राजवटीने आणि तिच्या साहाय्यकांनी युरोपातील सुमारे ६० लाख ज्यूंचा पद्धतशीर संहार केला. या घटनेला इंग्रजीत आणि त्यामागोमाग जगभर 'होलोकॉस्ट' हा शब्द रूढ झाला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'संपूर्ण जाळून अर्पण केलेला बळी' असा असल्याने अनेक ज्यू विचारवंतांना तो अमान्य आहे. बळी हा कोणाला तरी अर्पण केला जातो. या माणसांना कोणी कोणाला अर्पण केले नव्हते, त्यांना ठार मारले होते. म्हणून हिब्रूतील 'शोआ', म्हणजे अरिष्ट किंवा सर्वनाश, हा शब्द ते पसंत करतात. घटनेला नाव देतानाच तिचे रूपांतर एखाद्या परिचित अर्थात होऊ लागते आणि त्या अर्थाशी झगडावे लागते, ही गोष्ट या शब्दचर्चेतून लक्षात येते. कलाकृतीच्या बाबतीत हा झगडा अधिक तीव्र होतो.

६० लाख ही संख्या बुद्धीला कळते. कल्पनेला ती पेलत नाही. त्यामुळे चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांनी फार लवकर एक मार्ग स्वीकारला. एक कुटुंब घ्यायचे, त्याचे घर, त्याचे जेवणाचे टेबल, त्यातील रुसवेफुगवे, आणि त्या कुटुंबावरून इतिहास जाऊ द्यायचा. प्रस्तुत लेखात अशा कलाकृतींना 'कुटुंबकथा' म्हटले आहे. चार कलाकृतींचा येथे प्रामुख्याने विचार केला आहे : जॉर्ज स्टीव्हन्स यांचा 'द डायरी ऑफ ॲन फ्रँक' (१९५९), व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'द गार्डन ऑफ द फिन्झी-कोन्तिनीज' (१९७०), मार्विन चॉम्स्की दिग्दर्शित 'होलोकॉस्ट' ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका (१९७८) आणि रोमन पोलान्स्की यांचा 'द पियानिस्ट' (२००२). क्लोद लान्झमान यांचा 'शोआ' (१९८५) हा साक्षींवर उभा असलेला साडेनऊ तासांचा माहितीपट आणि स्पीलबर्ग यांचा 'शिंडलर्स लिस्ट' (१९९३) हा तारणहाराभोवती रचलेला चित्रपट, ही दोन महत्त्वाची कामे जाणीवपूर्वक बाजूला ठेवली आहेत. कारण त्यांच्या केंद्रस्थानी कुटुंब नाही.

कुटुंबकथा या रूपबंधातच एक अंतर्विरोध आहे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे. कुटुंब ही सातत्याची संस्था आहे. जन्म, विवाह, वारसा, मृत्यू आणि मृत्यूनंतरचे स्मरण या क्रमावर कुटुंबकथा उभी राहते. तिच्यात एक जण जातो तेव्हा त्याच्यासाठी रडणारे कोणीतरी मागे असते. ज्या संहाराचे चित्रण करायचे, त्याचा हेतू मात्र रडणारे कोणी शिल्लक राहू नये हाच होता. सातत्य गृहीत धरणाऱ्या रूपबंधात सातत्याचाच नाश कसा मांडायचा, हा दिग्दर्शकांपुढचा खरा प्रश्न आहे. त्याची उत्तरे तपासण्यासाठी भारतीय नाट्यमीमांसेतील एक जुना भेद उपयोगी पडतो.

२. करुण आणि विप्रलंभ : भेदाची उपयुक्तता

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरतमुनींपुढे एक शंका येते. विप्रलंभ शृंगारात विरह आहे, अश्रू आहेत, चिंता आहे. करुणातही हेच आहे. मग दोहोंत अंतर कोणते? भरतांचे उत्तर नेमके आहे. विप्रलंभ हा सापेक्ष आहे, करुण निरपेक्ष आहे. विरहात पुनर्भेटीची अपेक्षा शिल्लक असते. करुणात ती संपलेली असते. वध, बंधन, वैभवनाश आणि इष्टजनांचा वियोग ही करुणाची कारणे भरतांनी सांगितली आहेत. अश्रूंचे स्वरूप तेच असले तरी अपेक्षेचे असणे-नसणे रस बदलून टाकते.

हा भेद शृंगारापुरता मर्यादित न ठेवता कुटुंबवियोगाच्या कथांना लावला, तर ज्यूसंहारावरील कुटुंबकथांचे दोन प्रकार सहज वेगळे दिसू लागतात. काही कथा ताटातूट झालेल्यांची पुन्हा भेट होईल का, या उत्सुकतेवर चालतात. त्या सापेक्ष होत. काही कथा ही अपेक्षाच नाहीशी करतात. त्या निरपेक्ष होत. मात्र येथे एक गुंतागुंत आहे, आणि तीच या कथांचा गाभा आहे. पडद्यावरील पात्रे शेवटपर्यंत सापेक्ष अवस्थेत जगतात. त्यांना वाटते की युद्ध संपेल, पत्र येईल, बाबा परततील. प्रेक्षकाला इतिहास ठाऊक असल्याने तो पहिल्या दृश्यापासून निरपेक्ष अवस्थेत असतो. पात्रांची आशा आणि प्रेक्षकाचे ज्ञान यांतील या अंतरातून साध्या संवादांनाही वजन येते. आगगाडीत बसण्यापूर्वी आई मुलाला गरम कपडे घ्यायला सांगते, तेव्हा ते वाक्य तिच्यासाठी काळजीचे असते आणि प्रेक्षकासाठी असह्य असते.

कलाकृतीची कसोटी अशी : हे अंतर ती शेवटपर्यंत टिकवते की प्रेक्षकाच्या समाधानासाठी बुजवते?

३. 'द डायरी ऑफ ॲन फ्रँक' : सांत्वनाचा स्वर

फ्रँक कुटुंबाची हकिगत सर्वपरिचित आहे. नाझी सत्तेवर आल्यानंतर फ्रँकफुर्ट सोडून हे कुटुंब ॲम्स्टरडॅमला आले. ६ जुलै १९४२ रोजी ते प्रिन्सेनग्राख्त २६३ येथील कचेरीच्या मागील भागात लपले. आणखी चौघे त्यांना येऊन मिळाले. ४ ऑगस्ट १९४४ रोजी सर्व आठ जण पकडले गेले. आई इडिथ जानेवारी १९४५ मध्ये आउशवित्झ येथे मरण पावली. मार्गोट आणि ॲन या मुली त्यानंतर काही आठवड्यांनी बेर्गेन-बेल्सेन येथे. आठांपैकी केवळ वडील ओट्टो परतले. १९४७ मध्ये रोजनिशी प्रसिद्ध झाली. १९५५ मध्ये फ्रान्सिस गुडरिच आणि आल्बर्ट हॅकेट या पतिपत्नींनी तिचे नाट्यरूपांतर केले. १९५९ चा चित्रपट या नाटकावर आधारलेला आहे.

चित्रपटाची चौकट निरपेक्ष आहे. एकटे परतलेले ओट्टो माळ्यावर येतात, त्यांच्या हाती रोजनिशी दिली जाते आणि कथा मागे जाते. कोणी वाचलेले नाही हे प्रेक्षकाला आरंभीच कळते. तरीही चित्रपटाचा शेवटचा ठसा सांत्वनाचा आहे. माणसे मनाने चांगली असतात, या आशयाचे ॲनचे प्रसिद्ध वाक्य तिच्या आवाजात पुन्हा ऐकू येते आणि चित्रपट संपतो. हे वाक्य ॲनने लिहिले आहे, यात शंका नाही. पण ते १५ जुलै १९४४ च्या नोंदीत आहे, अटकेच्या सुमारे तीन आठवडे आधी. आणि त्याच नोंदीत जवळ येत असलेल्या विनाशाची चाहूल आणि लाखोंच्या यातनांची जाणीवही आहे. वाक्य संदर्भातून उचलून शेवटी ठेवले की त्याचा वक्ता बदलतो. लपलेल्या घरातील पंधरा वर्षांच्या मुलीचा तो विश्वास राहत नाही. छावणीतून जणू परत आलेल्या आत्म्याने जगाला दिलेली ती क्षमा ठरते. ती क्षमा ॲनने दिलेली नाही. स्वतः स्टीव्हन्स यांनी १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याच्या चित्रीकरण पथकासह दाखाऊची छावणी पाहिली होती, आणि छावणीतील ॲनचे एक दृश्य त्यांनी चित्रितही केले होते. प्रदर्शनपूर्व खेळानंतर ते वगळण्यात आले.

नाट्यरूपांतरातील आणखी एक बदल साधारणीकरणाच्या सिद्धांताच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. एप्रिल १९४४ मधील एका नोंदीत ॲन ज्यू म्हणून आपल्या वाट्याला आलेल्या दुःखाचा विचार करते. नाटकात या विचाराचे रूप असे झाले की, दुःख भोगणारे आम्हीच काही नव्हे. कधी एका वंशाला तर कधी दुसऱ्याला ते भोगावे लागते. हेतू उदार होता. व्यापक प्रेक्षकवर्गाला पात्रांशी एकरूप होता यावे एवढाच होता. पण भट्टनायकांच्या साधारणीकरणात विभावादिकांचे व्यक्तिविशेष गळून पडतात ते आस्वादकाच्या अनुभवात. लेखकाने आधीच ते कापून टाकावेत, असा त्याचा अर्थ नव्हे. शकुंतलेचे दुःख सर्वांचे होते ते ती कण्वाश्रमातील शकुंतला राहते म्हणूनच. फ्रँक कुटुंब ज्यू होते म्हणूनच त्यांना लपावे लागले. ते 'कोणीही' असते तर ही कथा घडलीच नसती. विशेष पुसून साधलेले साधारणीकरण ही उसनी व्यापकता असते.

तुलनेसाठी २००१ मधील 'ॲन फ्रँक : द होल स्टोरी' ही मालिका पाहता येईल. मेलिसा म्युलर यांच्या चरित्रग्रंथावर आधारलेल्या या मालिकेत ओट्टोची भूमिका बेन किंग्जली यांनी केली. रोजनिशीतील मजकूर तिच्यात वापरलेला नाही. परिणामी ॲनची वाणी नाहीशी झाली आणि तिचे आयुष्य मात्र पुढे सरकले : अटक, वेस्टरबोर्क, आउशवित्झ, बेल्सेन. ज्या दाराशी १९५९ चा चित्रपट थांबतो, त्या दारातून ही मालिका बाहेर पडते. सुंदर वाक्याचा आधार सुटल्यावर शोक निरपेक्ष होतो, हे या दोन रूपांतरांच्या तुलनेतून स्पष्ट दिसते.

४. 'होलोकॉस्ट' : एक कुटुंब, सर्व इतिहास

१६ ते १९ एप्रिल १९७८ या चार रात्री अमेरिकेतील एनबीसी वाहिनीने जेराल्ड ग्रीन लिखित 'होलोकॉस्ट' ही मालिका दाखवली. बर्लिनमधील डॉक्टर योसेफ व्हाइस, त्यांची पियानो वाजवणारी सुसंस्कृत पत्नी बेर्टा आणि कार्ल, रूडी व ॲना ही तीन मुले यांची ही काल्पनिक कथा. १९३५ मध्ये कार्लचा ख्रिस्ती इंगाशी झालेला विवाह हा आरंभ. पुढे एकेक सदस्य एकेका ऐतिहासिक स्थळी पोचतो. पोलंडमध्ये जन्मलेले योसेफ १९३८ मध्ये हद्दपार होऊन वॉर्साला जातात. कार्ल बुखेनवाल्ड, तेरेझिनश्टाट आणि आउशवित्झला. अत्याचाराने मन हरवलेली ॲना हाडामारच्या वायुकक्षात मारली जाते. रूडी बाबी यारचा संहार पाहतो, युक्रेनमधील गनिमांत सामील होतो आणि सोबिबोरच्या उठावात भाग घेतो. काका मोझेस वॉर्सा घेट्टोच्या उठावात लढतो.

एकाच कुटुंबाच्या वाट्याला एवढी सर्व ठिकाणे येणे शक्यतेच्या कक्षेत असले तरी संभाव्य नाही. ॲरिस्टॉटलने शक्य पण न पटणाऱ्यापेक्षा अशक्य पण पटणाऱ्याला पसंती दिली होती. येथे मालिकेने पाठ्यपुस्तकाची गरज आणि कुटुंबकथेची गरज एकाच वेळी भागवू पाहिली, आणि पात्रे प्रसंगी प्रकरणांच्या मथळ्यांसारखी झाली. एली वीझेल यांनी न्यूयॉर्क टाइम्समधून मालिकेवर कठोर टीका केली. अस्तित्वाच्या मुळाशी भिडणारी घटना दैनंदिन कौटुंबिक मालिकेच्या पातळीवर उतरवली गेली, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. मृत्युछावणीच्या दृश्यांमध्ये घरगुती वस्तूंच्या जाहिराती येत होत्या, याचीही अनेकांना चीड आली.

आपल्या भेदाच्या भाषेत सांगायचे तर मालिका सापेक्ष शोकाची आहे. कार्लला शोधत इंगा छावणीपर्यंत जाते; योसेफ आणि बेर्टा वॉर्सात पुन्हा भेटतात; शेवटी रूडी जिवंत राहतो, इंगाजवळ कार्लचे मूल असते आणि रूडी अनाथ ज्यू मुलांना पॅलेस्टाइनकडे घेऊन जाण्याचे काम पत्करतो. वंश पुढे चालतो. कुटुंबकथेला हवा असलेला शेवट तिला मिळतो.

तरीही या मालिकेचा निकाल एवढ्यावर लावता येत नाही. जानेवारी १९७९ मध्ये ती पश्चिम जर्मनीत दाखवली गेली आणि सुमारे २ कोटी प्रेक्षकांनी तिचा काही ना काही भाग पाहिला. प्रत्येक भागानंतर तज्ज्ञांची चर्चा ठेवली होती. हजारो दूरध्वनी आले. तोवर या विषयावर जर्मनीत माहितीपट दाखवले गेले होते, खटले झाले होते, पुस्तके निघाली होती. पण घराघरांत बोलणे सुरू झाले ते या मालिकेनंतर. 'होलोकॉस्ट' हा शब्द जर्मन भाषेत त्या वर्षी सर्वतोमुखी झाला. खुनाच्या गुन्ह्यावरील कालमर्यादा १९७९ अखेर संपणार होती आणि त्यानंतर न सापडलेल्या नाझी गुन्हेगारांवर नवे खटले अशक्य झाले असते. ही मर्यादा उठवावी का, हा वाद आधीपासून चालू होता; पूर्वी दोनदा, १९६५ आणि १९६९ मध्ये, संसदेने ती लांबवली होती. जुलै १९७९ मध्ये ती कायमची रद्द झाली. मालिकेमुळेच हे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण लोकमताचे वातावरण बदलण्यात तिचा वाटा होता, हे सर्वसाधारणपणे मान्य केले जाते. तिची प्रतिक्रिया कलेच्या क्षेत्रातही उमटली. एडगार राइट्झ यांनी आपल्या 'हाइमाट' (१९८४) या दीर्घ मालिकेची प्रेरणा अमेरिकन चित्रणाविषयीच्या अस्वस्थतेत असल्याचे सांगितले. त्यांच्या त्या जर्मन खेड्याच्या कथेत ज्यूसंहार जवळजवळ अनुपस्थित राहिला, हाही एक विचारप्रवर्तक भाग आहे.

एवढा परिणाम का झाला? याचे एक कारण मालिकेतील दुसऱ्या कुटुंबात आहे. एरिक डोर्फ हा बेकार वकील पत्नीच्या आग्रहाखातर एसएसमध्ये शिरतो आणि हायड्रिखचा सहायक बनतो. तो प्रेमळ पिता आहे. व्हाइस कुटुंबाचा पियानो पुढे डोर्फच्या दिवाणखान्यात येतो आणि त्याच्याभोवती नाताळची गाणी गाइली जातात. एक कुटुंब उजाडल्यामुळे दुसरे सजते, ही गोष्ट आकडेवारी सांगू शकत नाही. एक वस्तू सांगून जाते. आपल्या घरातील जुनी वस्तू कोठून आली, हा प्रश्न त्या रात्री अनेक जर्मन दिवाणखान्यांत उभा राहिला असेल, तर रूपबंधाच्या सवंगपणातही त्याचे बळ होते असे म्हणावे लागते.

५. 'फिन्झी-कोन्तिनी' : रिकामी समाधी

जोर्जो बासानी यांची कादंबरी १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली. इटलीत १९३८ मध्ये वंशभेदाचे कायदे आले. फेर्रारा शहरातील ज्यू तरुणांना टेनिस क्लबातून काढले जाते आणि फिन्झी-कोन्तिनी हे धनाढ्य, अलिप्त घराणे आपल्या उंच भिंतींच्या बागेतील मैदान त्यांना खुले करते. मिकोल आणि आल्बेर्तो ही भावंडे, मध्यमवर्गीय ज्यू निवेदक आणि त्याचे मिकोलवरील असफल प्रेम एवढाच कथाभाग. बाहेर जग आवळत जाते, आत चेंडू उडत राहतो.

कादंबरीचा आरंभ लक्षात घेण्यासारखा आहे. १९५७ मधील एका रविवारी निवेदक मित्रांबरोबर एत्रुस्कन लोकांची प्राचीन दफनस्थाने पाहायला जातो. तेथे त्याला फेर्राराच्या ज्यू दफनभूमीतील फिन्झी-कोन्तिनींची भव्य समाधी आठवते. ज्यांच्यावर त्याने प्रेम केले त्यांपैकी फक्त आल्बेर्तोला तेथे जागा मिळाली, कारण तो अटकेपूर्वीच आजाराने गेला. बाकीचे १९४३ मध्ये जर्मनीला पाठवले गेले आणि त्यांना कोणतीही समाधी लाभली की नाही, हे कोण सांगणार? दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या मृतांना घरे आहेत. कालच्या मृतांना नाहीत. कथेचा शेवट पहिल्याच पानांत सांगून बासानी पुनर्भेटीची अपेक्षा मुळातून काढून टाकतात. मग उरते ती केवळ आठवण. शुद्ध निरपेक्ष शोकाचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

दे सिका यांनी हा पूर्वभाग वगळला आणि अटकेचे दृश्य जोडले. चित्रपटाच्या अखेरीस मिकोल आणि तिची आजी एका शाळेच्या वर्गात इतर ज्यूंबरोबर आणल्या जातात. तेथे निवेदकाचे वडीलही भेटतात. बासानी यांना चित्रपट पटला नाही आणि त्यांनी पटकथाकार म्हणून असलेले आपले नाव काढून घेतले. त्यांचा आक्षेप समजण्यासारखा आहे : ज्याविषयी कादंबरी मौन बाळगते ते चित्रपटाने दाखवले. तथापि दे सिका यांनीही एक मर्यादा पाळली आहे. ते वर्गाच्या पुढे जात नाहीत. गाडी नाही, छावणी नाही. मृतांसाठी म्हटली जाणारी ज्यू प्रार्थना ऐकू येते आणि पडद्यावर बाग व टेनिसचे मैदान दिसते. जी प्रार्थना थडग्यापाशी म्हणायची ती बागेवर म्हटली जाते, कारण थडगे नाही. कादंबरीतील रिकाम्या समाधीचा आशय चित्रपटाने ध्वनी आणि दृश्य यांच्या विसंगतीतून असा परत मिळवला आहे.

येथे एका वास्तवातील प्रथेचा उल्लेख उचित होईल. ज्यू परंपरेत मृताच्या तिथीला 'कद्दिश' म्हटले जाते. संहारात गेलेल्या असंख्य लोकांची तिथीच माहीत नसल्यामुळे इस्राएलच्या मुख्य रब्बीमंडळाने १९४० च्या दशकाच्या अखेरीस तेवेत महिन्याची १० वी तिथी अशा सर्वांसाठी ठरवून दिली. तिथी अज्ञात असलेल्यांसाठी सर्वपित्री अमावास्या पाळणाऱ्या समाजाला या निर्णयामागची व्यथा वेगळी समजावून सांगावी लागू नये.

६. 'द पियानिस्ट' : कुटुंब मध्येच संपते

व्वादिस्वाव श्पिलमान हे वॉर्सा नभोवाणीवरील पियानोवादक. त्यांच्या आठवणी १९४६ मध्ये पोलंडमध्ये प्रसिद्ध झाल्या. पोलान्स्की स्वतः क्राकुफच्या घेट्टोतून वाचलेले; त्यांची आई आउशवित्झ येथे मारली गेली.

चित्रपटाचा पूर्वार्ध संपूर्णपणे कौटुंबिक आहे. आईवडील, दोन बहिणी आणि दोन भाऊ जेवणाच्या टेबलाशी भांडतात, पैसे कोठे लपवायचे यावर वाद घालतात, पियानो विकतात. एका रात्री जेवताना समोरच्या इमारतीत सैनिक शिरतात. चाकाच्या खुर्चीतील वृद्ध उभा राहू शकत नाही म्हणून त्याला सज्जातून खाली फेकले जाते. हे दृश्य आपण श्पिलमान कुटुंबाच्या खिडकीतून पाहतो. एका कुटुंबाचा नाश दुसरे कुटुंब दिवा मालवून पाहते. आणि त्या कुटुंबाला पाहणारे आपण असतो. साक्षीची ही साखळी पोलान्स्की एकही शब्द न वापरता उभी करतात.

ऑगस्ट १९४२ मध्ये कुटुंबाला गाड्या भरण्याच्या मैदानावर आणले जाते. त्या उन्हाळ्यात दोन महिन्यांत वॉर्सा घेट्टोतून सुमारे अडीच लाखांहून अधिक लोक त्रेब्लिंकाला नेऊन मारण्यात आले. हेन्रिक आणि हालिना यांना कामासाठी मागे ठेवले होते. पण ते आपण होऊन कुटुंबाजवळ येतात. वडील उरलेल्या पैशांत एक कॅरमेल विकत घेतात आणि चाकूने त्याचे सहा तुकडे करतात. कुटुंबाचे हे शेवटचे एकत्र भोजन. त्यानंतर काही मिनिटांत एक ज्यू पोलीस व्वादेकला रांगेतून बाहेर ओढतो आणि बाकीचे गाडीत चढतात.

या क्षणानंतर चित्रपट जे करीत नाही ते महत्त्वाचे आहे. अद्याप अर्ध्याहून अधिक कथा शिल्लक आहे, पण कुटुंब पुन्हा दिसत नाही. स्मृतिदृश्य नाही, स्वप्न नाही, छायाचित्र कुरवाळणे नाही. कॅमेरा गाडीबरोबर जात नाही. जे गेले त्यांच्याविषयी चित्रपटाला नायकाहून अधिक काही माहीत असल्याचा आव तो आणत नाही. कुटुंबकथा म्हणून सुरू झालेली कृती मध्येच कुटुंबाविना उरते आणि प्रेक्षक नकळत वाट पाहत राहतो. शेवटी त्याच्या लक्षात येते की ही वाट पाहणेच खोटे होते. सापेक्षाकडून निरपेक्षाकडे होणारा हा प्रवास तो कथानकातून ऐकत नाही; स्वतः करतो. रूपबंध मोडून आशय सिद्ध करण्याचे हे उदाहरण आहे.

७. दोषाचा शोध : 'ते निघून का गेले नाहीत?'

या सर्व कथांत एक प्रसंग समान आहे : देश सोडावा की नाही, यावरील घरातील चर्चा. बेर्टा व्हाइस जर्मन संस्कृतीवरील विश्वासामुळे जायला नकार देते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटन आणि फ्रान्स युद्धात उतरल्याची बातमी ऐकून श्पिलमान कुटुंब बांधाबांध थांबवते. फिन्झी-कोन्तिनी भिंतीआड राहतात. नाट्याच्या दृष्टीने हे प्रसंग परिणामकारक आहेत. परंतु शोकात्मिकेच्या संस्कारात वाढलेला वाचक येथे सहज एक चूक करतो. नायकाच्या पतनामागे त्याचा एखादा प्रमाद असतो, हे सूत्र तो लावतो आणि न जाणे हाच या कुटुंबांचा प्रमाद ठरवतो. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत हा निष्कर्ष अनपेक्षित नाही.

इतिहास त्याला आधार देत नाही. जुलै १९३८ मध्ये एव्हियाँ येथे ३२ देशांचे प्रतिनिधी निर्वासितांच्या प्रश्नावर जमले आणि जवळजवळ कोणीही आपली दारे अधिक उघडली नाहीत. ओट्टो फ्रँक यांनी १९४१ मध्ये अमेरिकेतील मित्रांमार्फत प्रवेशपत्रासाठी केलेल्या धडपडीची कागदपत्रे २००७ मध्ये प्रकाशात आली. त्यांना यश मिळाले नव्हते. आणि फ्रँक कुटुंब तर आधीच एक देश सोडून आलेले होते. प्रमाद असलाच तर तो पात्रांच्या स्वभावात नव्हे, दारे बंद ठेवणाऱ्यांत आणि मारणाऱ्यांत शोधायला हवा. कुटुंबकथेचा कॅमेरा घरातच असतो, म्हणून कारणेही घरातच दिसू लागतात. ही या रूपबंधाची सर्वांत धोकादायक मर्यादा आहे. वाचलेल्यांच्या बाबतीत तिची दुसरी बाजू दिसते. राडोमच्या एका ज्यू कुटुंबावरील 'वी वेअर द लकी वन्स' (२०२४) या मालिकेत आईवडील आणि पाचही मुले वाचतात, ही घटना सत्य कुटुंबेतिहासावर आधारलेली आहे. हे वाचणे चातुर्याचे फळ मानले, तर मेलेले अचतुर ठरतात. मालिकेच्या शीर्षकातच 'नशीबवान' हा शब्द आहे, तो अपवादाची कबुली देतो. आणि ती कबुलीच तिच्या सापेक्ष सुखान्ताला सत्याच्या जवळ ठेवते.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. ज्यूसंहाराच्या चित्रणात कुटुंब हे परिमाण अपरिहार्य आहे. त्यावाचून संख्या माणसांत उतरत नाही. मात्र या रूपबंधाची ओढ सातत्याकडे आणि पुनर्भेटीकडे असते. 'होलोकॉस्ट' मालिका त्या ओढीला शरण जाते, तरी दोन कुटुंबांना जोडणाऱ्या एका पियानोतून तिने एका राष्ट्राला बोलते केले. १९५९ चा चित्रपट निरपेक्ष चौकटीत सापेक्ष सांत्वन बसवतो. दे सिका आणि पोलान्स्की आपापल्या मार्गांनी रिकाम्या जागा रिकाम्या ठेवतात. क्षेमेंद्रांच्या परिभाषेत हे औचित्याचे भान होय : कोणत्या क्षणी दाखवू नये हे कळणे.

करुण रस वर्गात शिकवताना आपण बहुधा त्याच्या आस्वाद्यतेवर भर देतो. शोकातून आनंद कसा मिळतो, हा आपला ठरलेला प्रश्न असतो. या कलाकृती आपल्याला त्याआधीच्या प्रश्नाकडे नेतात. अपेक्षा पूर्णपणे संपलेली असताना शोक कोण करणार, आणि कोणाच्या वतीने? शोक करणारे कुटुंबच उरले नसेल तर ते काम प्रेक्षकावर येते. ते त्याने सांत्वन न मागता करावे, एवढी अपेक्षा या प्रकारातील श्रेष्ठ कृती त्याच्याकडून ठेवतात. भरतांनी करुण आणि विप्रलंभ यांमध्ये आखलेली रेषा विसाव्या शतकातील संहाराच्या चित्रणालाही लागू पडते, हे दाखवता आले असेल, तर प्रस्तुत लेखाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.